पब्लिककडं तोंड करून उभा असलेला

आमच्याकडच्या पेपरात गुन्ह्याच्या पानावर एक वाक्य वर्षानुवर्षं छापून येतंय: 'पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.' बातमीदार बदलले, पानं रंगीत झाली, वाक्य तेच. वाचणारा चहाचा घोट घेतो आणि शेजारच्या ऊसदराच्या बातमीकडं वळतो. मला ते वाक्य तसं ओलांडता येत नाही, कारण मी फौजदारी वकिली करते. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात २५ वं कलम तेच सांगत होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात ते २३ वं झालंय. म्हणजे खुद्द इंग्रजालाही आपल्याच पोलिसाचा भरवसा नव्हता. आणि कबुलीसाठी 'खाक्या दाखवणं' हा तर सरळ गुन्हाच आहे, न्याय संहितेच्या १२० व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. थोडक्यात, बातमीत एक निरुपयोगी कागद आणि एक गुन्हा छापलेला असतो, आणि वर मथळा असतो 'उल्लेखनीय कामगिरी'.

हे मी घरात फारसं बोलायची नाही. आमचं घर पोलिसाचं. आण्णा शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. माझं लहानपण पोलीस लाईनीत गेलं. दोन खोल्या, पावसाळ्यात पत्र्यातून गळणारं पाणी, नळावरची भांडणं आणि कुणाचे तरी वडील कायम बंदोबस्तावर. जोतिबाची यात्रा म्हटलं की लोकांना गुलाल आठवतो, मला आण्णांचे सुजलेले पाय आठवतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात आख्खं गाव जाणार, आम्ही जाणार ते कोजागिरी झाल्यावर. गणपती विसर्जनाला तर आदल्या सकाळी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायचा, बूट न काढताच पलंगावर पडायचा. साहेबाच्या शिव्या, रद्द झालेल्या रजा, पोराच्या दहावीच्या निकालादिवशी दुसऱ्या जिल्ह्यात लागलेली ड्यूटी. पोलिसाला संघटना करता येत नाही. १९८२ साली मुंबईच्या पोलिसांनी डोकं वर काढलं तेव्हा त्यांची संघटनाच मोडून टाकली, हे आण्णांनी मला पाचवी-सहावीत सांगितलं होतं. त्यामुळं 'पोलीस म्हणजे राक्षस' असं कुणी म्हटलं की माझं डोकं आजही तडकतं. सांगायचं एवढ्यासाठी, की पुढं जे लिहितेय ते लाईनीत वाढलेल्या पोरीनं लिहिलंय.

२०२० च्या मेअखेरीस मिनियापोलिसची ती चित्रफीत आली. २५ मेची. वीस डॉलरची नोट खोटी असल्याचा संशय, एक काळा माणूस रस्त्यावर पालथा, हातात बेड्या, मानेवर गोऱ्या पोलिसाचा गुडघा. नंतर खटल्यात वेळ मोजली गेली: ९ मिनिटं २९ सेकंद. त्यावेळी आपल्याकडं टाळेबंदी होती. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याच दिवसांत दुसरेही व्हिडिओ फिरत होते, आपल्या पोलिसांचे. भाजी आणायला निघालेल्याच्या पोटरीवर काठी, मास्क नसलेल्याला रस्त्यात उठाबशा, कुणाला बेडूकउड्या. खाली हसणारे चेहरे आणि 'मस्त प्रसाद दिला'. जॉर्ज फ्लॉइडचा व्हिडिओ याच ग्रुपवर, याच लोकांनी टाकला. त्याखाली मात्र 'अमेरिकेत माणुसकी उरली नाही'. दोन्हींत वर-खाली बोटाएवढंच अंतर होतं आणि ते कुणाला खटकलं नाही.

आण्णांना मी माझ्या फोनवर दाखवला. चष्मा लावून त्यांनी पूर्ण बघितला. मला वाटलं, म्हणतील काहीतरी पोलिसाच्या बाजूनं, 'आदी काय झालंतं त्ये दावत न्हाईत' वगैरे. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. बोट गुडघ्यावर नव्हतं. बाजूला एक पोलीस उभा आहे, जमलेल्या लोकांना फुटपाथवर थोपवून धरणारा, त्याच्यावर होतं.

"ह्यो पब्लिककडं तोंड करून हुबा हाय न्हवं," ते म्हणाले, "ही ड्यूटी मी केलीया."

आणि फोन परत देऊन गवारी निवडायला बसले.

बाकीचं पुढच्या काही आठवड्यांत तुकड्यातुकड्यांनी आलं. मीही फार उकरलं नाही. नोकरीची सुरवातीची वर्षं, जिल्ह्याबाहेरच्या एका तालुक्याचं ठाणं. गावातल्या एका वजनदार माणसाच्या घरी घरफोडी झाली होती. वरून रोज फोन. गावाबाहेर पालं पडली होती, तिथून एक पोरगा उचलून आणला. त्याच्या नावावर काही नव्हतं, त्याच्या चुलत्याच्या नावावर होतं. आत दोघं-तिघं 'विचारपूस' करत होते. आण्णांना मधल्या दारात उभं केलं होतं. पोराची आई फडक्यात भाकरी बांधून आली होती. तिला सांगायचं, साहेब न्हाईत, सकाळी ये.

"ती म्हणाली, आवाज येतोय की. मी म्हटलं, त्यो दुसऱ्याचा हाय."

पोरगा वाचला. मुद्देमाल काही सापडला नाही, केस पुढं कधीतरी सुटली. मी वकील असल्यामुळं विचारलं, नंतर चौकशी वगैरे? "कोण करतंय? मला कुणी इचारलंच न्हाई." विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत? "तवा? तवा खोटंच सांगितलं असतं. बायको-पोरं हुती." थोडं थांबून, "आता इचारलं तर सांगीन. पर आता कोण इचारतंय."

हे ऐकल्यापासून कोठडीतल्या मारहाणीची कुठलीही बातमी वाचताना मी मारणाऱ्याचं नाव शोधायच्या आधी दारात कोण होतं ते शोधते. ठाणं म्हणजे एक माणूस नसतो. ठाणे अंमलदार असतो, लॉकअप गार्ड असतो, वायरलेसवर कुणीतरी बसलेलं असतं, आतलं ऐकू येऊ नये एवढं कारण बिनतारीचा आवाज मोठा करायला पुरतं. चहा आणणारा पोरगा असतो. मारणारे दोघं, ऐकणारे दहा, हा साधारण हिशोब.

मिनियापोलिसच्या खटल्याबद्दल आपल्याकडं सगळ्यांना गुडघावाल्याची शिक्षा माहीत आहे, साडेबावीस वर्षं. उरलेल्या तिघांचं काय झालं ते फार कुणी वाचलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या केंद्रीय कोर्टात तिघंही दोषी ठरले. माणसाला वैद्यकीय मदत दिली नाही म्हणून तिघं. आणि त्यातले दोघं आणखी एका गोष्टीसाठी: सहकारी करत होता ते थांबवलं नाही म्हणून. त्या दोघांत तो गर्दीकडं तोंड करून उभा असलेलाही होता. मी आण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी 'हं' केलं. पोलीस लाईनीतला 'हं' कशालाही असू शकतो.

हे सगळं सिद्ध झालं ते एका सतरा वर्षांच्या पोरीनं फोन खाली घेतला नाही म्हणून. डार्नेला फ्रेझर. तिचा व्हिडिओ बाहेर येण्याआधी तिथल्या पोलिसांचं पहिलं निवेदन होतं, पोलिसांशी संबंध आला असताना 'वैद्यकीय घटना' घडून इसमाचा मृत्यू. हे वाक्य वाचून मला परकं असं काही वाटलंच नाही. आपल्याकडं 'छातीत कळ आल्याने' म्हणतात.

२०२० च्याच जूनमध्ये तमिळनाडूत साथानकुलमला जयराज आणि बेनिक्स हे बापलेक गेले. टाळेबंदीत दुकान वेळेनंतर उघडं ठेवलं असा आरोप, १९ जूनला पकडले, चार दिवसांत दोघंही मेले. उच्च न्यायालयानं पाठवलेला मॅजिस्ट्रेट ठाण्यात गेला तर कॅमेऱ्याचं चित्रण रोजच्या रोज पुसलं जाईल अशी व्यवस्था करून ठेवलेली. पण त्या ठाण्यात रेवती नावाची एक हेड कॉन्स्टेबल होती. तिनं सांगितलं. रात्रभर मारलं, काठ्यांवर रक्त होतं, टेबलावर होतं. घाबरत सांगितलं, संरक्षण मागून सांगितलं, पण सांगितलं. तिला कुणीतरी विचारलं होतं, हा फरक. ज्या मॅजिस्ट्रेटनं विचारलं त्याच्याशी ठाण्यातले लोक कसे वागले तेही त्याच्या अहवालात आहे. न्यायाधीशाशी तसं, तर भाकरी घेऊन आलेल्या बाईशी कसं, ते आपलं आपण ताडावं.

आता रंगाचं. अमेरिकेतला पोलीस गाडीच्या काचेतून कातडी बघतो. आपला पोलीस आडनाव विचारतो, मग 'कुठल्या वस्तीतला?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की पहिल्याची गरज राहत नाही. ही सवय कुठून आली ते कागदावर आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. सुताराचा पोरगा सुतार तसा चोराचा पोरगा चोर, गुन्हा रक्तातच असतो, असं धरून आख्ख्या जमाती नोंदवायच्या, त्यांची हजेरी घ्यायची, गाव सोडताना परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, माणसं 'विमुक्त' झाली, आणि सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ चा. जमातीऐवजी माणसाचं नाव आलं, पण कुठली माणसं हे ठाण्याला तोंडपाठ होतं.

आम्हा कोल्हापूरकरांना यात मिरवायला एक जागा आहे आणि आम्ही ती सोडत नाही. शाहू महाराजांनी १९१८ सालीच आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. महार, मांग, रामोशी, बेरड. फासेपारध्यांना तर त्यांनी आणून सोनतळीला वसवलं आणि पहाऱ्याचं काम दिलं, म्हणजे ज्यांच्यापासून राखण करायची असं बाकी जग म्हणत होतं त्यांच्याच हाती राखण. दर २६ जूनला दसरा चौकात पुतळ्याला हार पडतो, भाषणात हे येतं, मीही बोललेय. आणि त्याच आठवड्यात उपनगरात कुठं घरफोडी झाली की ठाण्याची गाडी कुठल्या वस्तीत आधी जाते हे भाषण करणाऱ्यांनाही माहीत असतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातीच्या वाटण्या रद्द करणारा निकाल दिला. त्यात विमुक्तांबद्दल स्पष्ट आहे, जन्मानं कुणी सराईत होत नाही आणि पोलिसांनी या लोकांना मन मानेल तसं उचलू नये. निकालाची प्रत मी बॅगेत ठेवते. रिमांडच्या टेबलावर ती काढायला साधारण दोन मिनिटं मिळतात.

रिमांडचं, म्हणजे पकडलेल्याला कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात त्याचं थोडं सांगते, कारण बाहेर कुणाला ठाऊक नसतं. मोफत विधी सहाय्याच्या यादीवर असल्यामुळं वकील नसलेले लोक माझ्याकडं येतात. पोरगा समोर आणला की मी आधी त्याची चाल बघते. तळव्यावर मारलेलं अंगावर दिसत नाही. मारल्यावर तिथल्या तिथं उड्या मारायला लावतात, सूज बसावी म्हणून. पण पायरी चढताना टाच टेकत नाही. त्याआधी सरकारी दवाखान्यातला कागद झालेला असतो, 'ताजी बाह्य इजा नाही'. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? हा प्रश्न विचारला जातो, हे चांगलंच आहे. पण तेव्हा त्याचा हात ज्याच्या हातात असतो तो पोलीस तिथंच असतो, आणि परत त्याच्याच गाडीतून जायचं असतं. पोरगा म्हणतो, नाही. कागदावर येतं, 'तक्रार नाही'. पुढं काही झालं की सगळे त्या दोन शब्दांकडं बोट दाखवतात.

परभणीत तेच झालं. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड, मग आंदोलन, मग धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी, आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, १५ डिसेंबरला मृत्यू. विधानसभेत सांगितलं गेलं की मारहाण झाली नाही असं त्यानं स्वतःच मॅजिस्ट्रेटला सांगितलं होतं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळं बसलेला धक्का हे कारण होतं. त्याच्या आईनं कोर्ट सोडलं नाही. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, राज्य सरकार दिल्लीला गेलं, ३० जुलैला तिथंही तेच कायम झालं. कायदा शिकणारा पोरगा होता. उद्या काळा कोट घालून आमच्यातच बसला असता. आमच्या बाररूममध्ये हा विषय चहा संपेपर्यंत चालला.

आणि कोल्हापूरला आंदोलन येत नाही असं म्हणायची कुणाची छाती आहे? एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या मागं हे गाव टोलविरुद्ध रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवूनच थांबलं. खंडपीठासाठी आम्ही वकिलांनी किती वर्षं काम बंद ठेवलं, किती साखळी उपोषणं केली. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं. त्याच ऑगस्टमध्ये गुजरातला नेलेल्या नांदणी मठाच्या हत्तिणीसाठी, आमच्या माधुरीसाठी, नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं मूकपणे चालली. आमच्या घरातलीही होती. पायाला फोड घेऊन आली, मला त्याचं कौतुकच आहे. जनावराच्या डोळ्यातलं पाणी ज्या गावाला दिसतं त्याला माणसाची चाल दिसायला हरकत नसावी, एवढंच वाटून गेलं. मोर्चासाठी लोक लागतात आणि लोकांना आधी तो आपला वाटावा लागतो. माधुरी आमची होती. पालावरचा पोरगा कुणाचा?

उलट काठी लोकांना आवडते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकला पकडलेल्या गुंडांकडून, पुढाऱ्यांच्या बगलबच्च्यांकडून हात जोडून वदवून घेतलं, 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला'. रील महाराष्ट्रभर फिरल्या. आमच्या त्याच ग्रुपवर टाळ्या. त्यातले काही खरेच त्रासदायक लोक असतील, मला त्यांचा पुळका नाही. पण लंगडत चालणाऱ्याकडून कॅमेऱ्यासमोर जे वदवलं जातं त्याला कायद्याचा किल्ला म्हणायचं तर मग मी बॅगेत निकाल घेऊन कशाला फिरते? आतेभाऊ म्हणाला, ताई, तू वकील आहेस म्हणून असं बोलतीस, तुझ्या घरी चोरी झाल्यावर बोल. आण्णा शेजारीच होते. म्हणाले, "आमच्या घरी झालीती की चोरी. लाईनीत. सायकल गेलीती. गावली न्हाई." विषय तिथं हास्यात संपला. लाईनीत चोरी झाली तर कुणाला उचलायचं, हा प्रश्न आतेभावाला सुचला नाही.

सध्या माझ्याकडं एक प्रकरण आहे. ठाणं, गाव, नाव काही लिहीत नाही. मारहाणीची तक्रार आहे आणि मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी चालू आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, कॅमेरे लावा आणि चित्रण अठरा महिने जपा असं सांगितलंय. चित्रण मागितलं तर उत्तर आलं, तांत्रिक कारणास्तव उपलब्ध नाही. ते येणार हे माहीत होतं. म्हणून अर्ज लिहितानाच आण्णांना बसवलं होतं. कुठली वही मागायची हे कायद्याच्या पुस्तकात नसतं. स्टेशन डायरी तर मागच, ते म्हणाले, पण ड्यूटीवाटपाची वही माग, लॉकअप गार्ड कधी बदलला ती नोंद माग. डायरी मागाहून नीट लिहिता येते, ड्यूटीची वही घाईत राहून जाते.

वही आली. त्या रात्रीच्या दोन्ही गार्डांची नावं त्यात आहेत. एक जण निवृत्तीला टेकलाय. दुसरा नोकरीत नवा, लग्न व्हायचंय, आणि त्याचे वडील आण्णांच्या हाताखाली होते, हे यादी वाचून दाखवताना कळलं. मला वाटलं, आता आण्णा म्हणणार, सोड त्या पोराला. ते बराच वेळ यादीकडं बघत राहिले.

"बोलीव त्याला," म्हणाले. "पर साहेबाच्या आदी बोलीव. साहेबाची साक्ष झाली की मग ह्यो साहेबाचंच म्हणणं म्हणंल."

साक्षीदारांच्या यादीत तपास अधिकारी पहिला होता. तो मी चौथ्या नंबरवर टाकलाय. नव्या पोराचं नाव पहिलं आहे. समोरच्या वकिलांनी क्रमाला हरकत घेतलीय, त्यावर सोमवारी युक्तिवाद आहे, आणि तिथं फेटाळलं तर सीपीआर दवाखान्यासमोरच्या इमारतीत सर्किट बेंचपुढं जायचं. निदान मुंबईची रात्रीची गाडी तरी पकडायला नको.